बॉल पायथनच्या गोचिडीला नावं दोन का?

दिंडोरीकर
नमस्कार मंडळी. पंचवीस वर्षं दिंडोरी तालुक्यातले गोठे पालथे घातलेत. गाई-म्हशींची गोचीड मला अंधारात बोटाने चाचपूनही कळते. पण परवा भाच्याने पंचाईत केली. तो गंगापूर रोडला राहतो, चार महिन्यांपूर्वी बॉल पायथन, म्हणजे पाळायचा आफ्रिकी अजगर, आणलाय. "मामा, याच्या खवल्यात मसुराची डाळ अडकलीय" म्हणून फोन! जाऊन बघतो तर दोन गोचिडी. एक गळ्याखाली, दुसरी गुदद्वाराच्या कडेला, खवल्याखाली इतकी घट्ट दडलेली की कड उचलल्याशिवाय दिसेना. चपट्या, जवळजवळ गोल. कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढल्या आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट घालून ठेवल्या.

आता जुन्या पुस्तकात आफ्रिकी सापांच्या गोचिडीचं नाव अ‍ॅपोनोमा लॅटम दिलंय, नव्या लेखात अँब्लिओमा लॅटम. एकच की दोन? आणि बहिणीच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांच्या शेळ्या बांधतात, त्यांना काही धोका?

बिनडोळ्याची
एकच आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, हा गोंधळ दरवर्षी निस्तरते. 1844 मध्ये शास्त्रज्ञ कॉख यांनी ती अँब्लिओमा या प्रजातीतच (जातींच्या गटातच) घातली होती. 1899 मध्ये न्यूमन यांनी डोळे नसलेल्या, बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या गोचिडींसाठी अ‍ॅपोनोमा हे वेगळं घर, म्हणजे वेगळी प्रजाती, बांधलं. पण डोळे नाहीत म्हणून सगळ्या सख्ख्या बहिणी, असं होत नाही ना! 2002 मध्ये ते घर मोडलं. ऑस्ट्रेलियातल्या काही जाती बोथ्रिओक्रोटॉनमध्ये गेल्या, लॅटम शंभर वर्षांनी माहेरी परतली. घोरपडीवरची एक्सॉर्नेटम आणि पिवळ्या ठिपक्यांची फ्लॅव्होमॅक्युलॅटमही तिच्यासोबत आल्या. अजगरावरची ट्रान्सव्हर्सेल तेव्हा आली खरी, पण 2020 मध्ये जनुकं तपासल्यावर तिला आफ्रिकॅनिएलात हलवलं. तुमची गुदद्वाराजवळची तीही असू शकते, ती बॉल पायथनवर सापडते.

द्राक्षबागेतला_सर्पमित्र
मामा, थांबा. ती आफ्रिकेचीच हे कशावरून? पिंपळगावच्या बागांतून धामण उचलतो तेव्हा तिच्या अंगावरही अशाच असतात. ती आपली गर्व्हायसी, तीही आधी अ‍ॅपोनोमाच होती. धामण, नाग, घोरपड, सगळ्यांवर बसते. भाच्याने कधी साप अंगणात सोडला होता का?

दिंडोरीकर
नाही हो, काचेच्या पेटीतच असतो. विकणाऱ्याने तर "इथेच जन्मलेला" म्हणून दिलाय.

बिनडोळ्याची
मग बाटली जपून ठेवा, साक्षीदार आहे ती! घाना, टोगो, बेनिनमधून बॉल पायथन जगभर जातात. रानातून पकडलेल्या गाभण माद्यांची अंडी तिथे फार्मवर उबवतात आणि पिल्लं पाठवतात. पेटीत जन्मून पेटीतच वाढलेल्या सापाला आफ्रिकी गोचीड लागायची नाही. लॅटम निघाली तर एकतर साप बाहेरून आलाय, नाहीतर आलेल्या सापाशेजारी ठेवला होता. मात्र गर्व्हायसी की लॅटम हे डोळ्यांवरून ठरणार नाही, दोघी बिनडोळ्याच्या. सूक्ष्मदर्शकाखाली जाणकारालाच दाखवा.

गुरांचा_डॉक्टर
शेळ्यांचं सांगतो. भीती असते हार्टवॉटरची. तो आफ्रिकेतला, गोचिडींमुळे पसरणारा रोग, गाई-शेळ्या-मेंढ्या मरतात. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गोचिडींपैकी त्यात नाव येतं ते कासवांवरच्या मार्मोरियम आणि स्पार्सम यांचं. मार्मोरियमच्या माद्या-नर बिबट्या कासवावर बसतात, पण पिल्लं शेळीवरही चढतात. अमेरिकेने 2000 मध्ये तीन आफ्रिकी कासवांची आयात बंद केली ती याच कारणाने. फ्लोरिडात या गोचिडी सापडल्या होत्या. लॅटमचं मात्र पिल्लापासून म्हातारपणापर्यंत मुख्यतः सापांवरच भागतं. पेटीतला भुसा तेवढा जाळा, पोट भरलेली मादी खाली उतरून त्यातच अंडी घालते.

आणि गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन सापाला टोचायच्या भानगडीत पडू नका. कासवाला तर ते विषच.

दिंडोरीकर
टोचणारच होतो हो, सिरिंज भरून ठेवली होती! भाचा म्हणतो, परिवेश या सरकारी पोर्टलवर सापाची नोंद करायचीय, विकणाऱ्याने कागद दिलेलाच नाही. बाटलीवर तूर्त 'लॅटम?' एवढंच लिहिलंय, खाली तारीख आणि 'गळा' असं. गुदद्वाराजवळची वेगळ्या बाटलीत काढतो.