आर्मेनियातील टाळता येण्याजोगे मृत्यू : शिकलेल्या समाजातही हे का घडते?

करवीरकर (राजारामपुरी, कोल्हापूर) यांचा प्रश्न

माझी भाची आर्मेनियात, येरेवानला वैद्यकीय शिक्षण घेते. सुट्टीत घरी आल्यावर तिने तिथल्या समाजाविषयी जे सांगितले, ते ऐकून मी विचारात पडलो आहे. जेमतेम तीस लाख वस्तीचा तो देश, साक्षरता जवळजवळ शंभर टक्के, आणि बुद्धिबळ तर २०११ पासून शाळेतला सक्तीचा विषय. तरीही तिथे निम्म्याच्या आसपास पुरुष सिगारेट ओढतात, आणि १४ ऑगस्ट २०२२ रोजी राजधानीतल्या सुरमालू या घाऊक बाजारात फटाक्यांच्या साठ्याचा स्फोट होऊन १६ माणसे दगावली. मी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो आणि 'शिक्षण वाढले की असे मृत्यू कमी होतात' हे वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. ते पुसावे की राहू द्यावे, असा माझा प्रश्न आहे. केवळ 'गरिबी' हे उत्तर कृपया देऊ नये, कारण ते मला स्वतःलाच पटत नाही.

पंचगंगाकाठ

सर, मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझे उत्तर इमारतींपुरतेच समजावे.

७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी उत्तर आर्मेनियात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. स्पिताक गाव जमीनदोस्त झाले, लेनिनाकान (आजचे ग्युमरी) निम्मेअधिक कोसळले, आणि मृतांचा आकडा किमान २५,००० होता. वेळ पाहा : मुले वर्गात बसलेली, कामगार कारखान्यात. रुग्णालयेही कोसळल्याने जखमींवर उपचार करणारे डॉक्टर त्याच ढिगाऱ्याखाली गेले, आणि वरून डिसेंबरची थंडी.

आमच्या व्यवसायात हा भूकंप अभ्यासला जातो तो एका वेगळ्या कारणासाठी. लेनिनाकानमध्ये त्या काळी नऊ मजली इमारती दोन पद्धतींनी बांधल्या जात. एका पद्धतीत कारखान्यात ओतलेले खांब आणि तुळया जागेवर आणून जोडत. दुसरीत काँक्रीटच्या अख्ख्या भिंतीच एकमेकींना जोडून खोल्या तयार करत. पहिल्या प्रकारच्या निम्म्याहून अधिक इमारती पडल्या, कारण त्यांचे सांधे कच्चे होते, काँक्रीटचा दर्जा हलका होता आणि त्या भागातला भूकंपाचा धोका आराखड्यात प्रत्यक्षापेक्षा कमी धरला होता. दुसऱ्या प्रकारच्या मात्र त्याच शहरात, तेवढ्याच उंचीच्या असून उभ्या राहिल्या. म्हणजे टिकणारे घर कसे बांधायचे हे तिथल्या अभियंत्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ते त्यांनी स्वतःच बांधलेले होते.

किल्लारीला १९९३ मध्ये दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गेली, तेव्हा आपण अज्ञानाकडे बोट दाखवले. ग्युमरीत अज्ञान नव्हते. तिथे काम वेळेत पूर्ण झाल्याचे कागद होते आणि तपासणीच्या सह्याही होत्या. (आपल्याकडे पूररेषेच्या आत उठलेले इमले पाहताना मला या सह्यांची आठवण होते, पण तो विषय इथे नको.) त्यानंतरही हाल संपले नाहीत. भूकंपाच्या धास्तीने मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प १९८९ मध्ये बंद केला, तो १९९५ पर्यंत बंदच राहिला, आणि मधले हिवाळे लोकांनी विजेविना, झाडे तोडून शेकोट्या पेटवत काढले. तात्पुरते म्हणून दिलेल्या पत्र्याच्या घरांत ग्युमरीतली कित्येक कुटुंबे वीस-पंचवीस वर्षे राहिली.

सैनिक टाकळीकर

गुरुजी, एका घटनेची भर घालतो. १९ जानेवारी २०२३ रोजी आर्मेनियाच्या गेघारकुनिक प्रांतात आझात गावाजवळ एका लष्करी बराकीला आग लागून १५ जवान गेले. शेगडी पेटवताना पेट्रोल वापरल्याने आग भडकली, असे तिथल्या सरकारने सांगितले. उंचावरच्या ठाण्यावर आम्हीही बुखारीच्या (खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीच्या) उबेत हिवाळे काढले आहेत. बुखारीत पेट्रोल ओतू नये, हे शिकायला पदवी लागत नाही. पहिल्याच आठवड्यात उस्ताद, म्हणजे लष्करातला प्रशिक्षक, ते दरडावून सांगतो. पण रॉकेल संपलेले असते, बोटे बधिर झालेली असतात आणि समोर डबा दिसतो. नियम मोडणाऱ्याला कालपर्यंत काही झालेले नसते, हेच त्याचे शिक्षण असते.

निवृत्त आरोग्य सेविका, गारगोटी

सर, वरील दोन्ही उत्तरांत पुरुषांची कामे आली. घरातले कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते.

आर्मेनियात २००० नंतरच्या काही वर्षांत शंभर मुलींमागे ११४-११५ मुलगे जन्मत होते. नैसर्गिक प्रमाण १०५ च्या जवळपास असते. आपण उलट मोजतो, हजार मुलग्यांमागे मुली. त्या मापाने तिथला आकडा साधारण ८७० येतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा ८३९ होता. जन्माचे प्रमाण आणि बालकांचे प्रमाण तंतोतंत एक नव्हे, तरी दुखणे एकच आहे. ज्या घरांत सोनोग्राफीचे पैसे सहज निघत, त्याच घरांत हे जास्त घडताना मी पाहिले. तिथे शिक्षणाने अडवले नाही, उलट वाट दाखवली. आर्मेनियाने २०१६ मध्ये लिंगनिवडीसाठी गर्भपातास बंदी घातली आणि गर्भपातापूर्वी समुपदेशन व तीन दिवसांची मुदत सक्तीची केली. त्या तीन दिवसांत सासूचे मन बदलेल, असे मला अनुभवावरून वाटत नाही. पण प्रमाण पुढे काहीसे सुधारले, हेही नमूद करते.

मारहाणीविषयीचा कायदा तिथे डिसेंबर २०१७ मध्ये झाला, आपल्यानंतर बारा वर्षांनी. घराण्याची परंपरा मोडेल या ओरडीमुळे त्याच्या नावातच कुटुंबातील सलोखा पुन्हा जुळवण्याचा उल्लेख घालावा लागला. मार खाल्लेल्या बाईला सलोख्याचा सल्ला आपल्याकडे चावडीवर देतात, तिथे तो कायद्याच्या मथळ्यात गेला.

आणि पैशाचे म्हणाल, तर उपचारांच्या खर्चाचा फार मोठा वाटा तिथे वर्षानुवर्षे लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला आहे. त्यामुळे रक्तदाब, छातीतली कळ, सगळे अंगावर काढले जाते. गरिबी हा शब्द तुम्ही वर्ज्य केलात, सर, पण तो पूर्ण पुसू नका.

करवीरकर

ताई, तुमचा आक्षेप मान्य आहे. फळ्यावरचे वाक्य ठेवीन, मात्र 'कशाचे शिक्षण' हा प्रश्न त्याच्याखाली लिहीन. पंचगंगाकाठ साहेब, एक शंका : भाची येरेवानमध्ये सोव्हिएत काळातल्या नऊ मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. ती कोणत्या पद्धतीची आहे, हे आत राहणाऱ्याला ओळखता येते का?

पंचगंगाकाठ

खोलीच्या कोपऱ्यात भिंतीपुढे आलेला खांब आणि छताखाली तुळई दिसते का, एवढे तिला पाहायला सांगा. त्यावरून खात्री होणार नाही, पण अंदाज येईल. बाहेरून भिंतीवर मोठ्या चौकोनी तुकड्यांचे सांधे दिसत असतील, तर त्याचेही छायाचित्र मागवा आणि मला पाठवा.