मदत हवी आहे : जंताचं इंजेक्शन दिलं तरी गळ्याखालची सूज जात नाही

मळेकर_बाबू : तातडीचं आहे. १५ दिवसांपूर्वी जंताचं इंजेक्शन दिलं, पुन्हा तेच. गळ्याखाली पिशवी लोंबतेय, शेण पातळ, दूध साडेचार लिटरवरून दोनवर. शेण तपासलं, जंत नाहीत असा रिपोर्ट. दुसरं कुठलं औषध द्यायचं एवढंच सांगा. 'डॉक्टरांना दाखवा' नको, दाखवून झालंय.

पाणंद : जनावर कुठलं? वय? गाभण आहे का?

मळेकर_बाबू : गाय. शेळी साडेचार लिटर देते का हो? जर्सी क्रॉस, तिसरं वेत.

कुंपण_काजू : जंत नव्हेत हे. आमच्या म्हशीची सूज अशीच होती, पोटात तार निघाली. लोहचुंबक गिळवा.

शेणकूट : सगळ्यांच्या पोटात तारच का असते तुमच्या? तार असली तर गाय उतारावरून चालताना कण्हते, छातीवर सूज येते. बाबू, सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी चरून आल्यावर जास्त असते का? आणि पापणी उलटून बघा, आतून कशी दिसते?

मळेकर_बाबू : हो, सकाळी जवळजवळ नसते. पापणी कागदासारखी पांढरी. ताप नाही. कण्हत वगैरे नाही.

आजीचा_बटवा : वावडिंग आणि पळसाच्या बिया गुळातून द्या. आमच्या आजीने आयुष्यात इंजेक्शन बघितलं नाही, तरी गोठा भरलेला होता.

शेणकूट : आजीची मेलेली वासरं कोणी मोजली? असो. इंजेक्शन कुठलं?

मळेकर_बाबू : आयव्हरमेक्टिन. गोचिडं पण जातात म्हणून दुकानदाराने दिलं.

पाणंद : मग सरळ आहे. ते गोल जंतांवर चालतं, पानासारख्या चपट्या कृमींवर नाही. गाय चरते कुठे?

मळेकर_बाबू : घरामागच्या मळ्यात. वायंगण (उन्हाळी भात) लावलंय, बांधावर हिरवं भरपूर असतं.

पाणंद : हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना राव! वायंगणाच्या पाण्यात पातळ तपकिरी शंखाच्या, नखाएवढ्या गोगलगायी असतात. यकृतातला पर्णकृमी तिच्यात वाढतो, बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतो आणि गाय तेच गवत खाते. यकृत पोखरलं की रक्तातलं प्रथिन घटतं, म्हणून जबड्याखाली पाणी उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरते, त्यामुळे संध्याकाळी पिशवी फुगते.

रिपोर्टचं म्हणाल तर या कृमीची अंडी जड असतात, नेहमीच्या तपासणीतल्या मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत. शेण साध्या पाण्यात ढवळून, गाळून, तळाचा गाळ बघावा लागतो. शिवाय लागण झाल्यावर पहिले दोन-अडीच महिने अंडी दिसतच नाहीत. 'गाळ बसवून बघा' असं सांगून परत द्या.

कुंपण_काजू : मग अल्बेंडाझोल द्या ना, स्वस्तात पडतं.

पाणंद : मोठ्या कृमीवर चालतं, कोवळ्यावर नाही. ऑक्सिक्लोझानाइडचंही तसंच, म्हणून काही आठवड्यांनी डोस पुन्हा द्यावा लागतो. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही चालतं, पण दूध किती दिवस ओतून टाकायचं ते डॉक्टरांना विचारूनच. बाबू, गाभण का ते अजून सांगितलं नाहीत. अल्बेंडाझोल गाभणीच्या पहिल्या दीड महिन्यात देत नाहीत.

मळेकर_बाबू : रेतन २० दिवसांपूर्वी केलंय. महत्त्वाचं आहे का?

शेणकूट : 😐

खाजण : अवांतर, पण पाजताना जीभ ओढून बाटली कोंबू नका. औषध श्वासनळीत गेलं तर गाय जंतांआधी न्यूमोनियाने जाईल. मान जास्त वर करू नका, गालाच्या कडेने थोडं थोडं सोडा.

रानमेवा : कुत्र्यांना जंताची गोळी किती महिन्यांनी द्यायची? आमच्याकडे तीन आहेत.

शेणकूट : वेगळा धागा काढा हो. बाबू, अल्बेंडाझोलला हात लावू नका आणि मळ्यात सोडणं आजच बंद करा. सध्या वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीवरचं कोरडं गवत घाला. १९६२ वर फोन केलात तर जनावरांच्या डॉक्टरांची गाडी घरी येते.

मळेकर_बाबू : केला, उद्या येतो म्हणाले. मळ्यात आत्ताच बघून आलो, बांधाच्या कडेला त्या गोगलगायी मूठभर निघाल्या. दुसऱ्या गायीला सूज नाही, पण तीही तिथेच चरते. तिलाही औषध द्यायचं का?

पाणंद : दुसरीही आहे?!

आजीचा_बटवा : बदकं पाळा. गोगलगायी फस्त करतात.

रानमेवा : बदकाची पिल्लं कणकवलीत कुठे मिळतील?