1908 चा हंगाम एकट्या मर्कलने घालवला का?

उत्तरवारा

शंभराहून अधिक वर्षं एक अख्खा हंगाम एकोणीस वर्षांच्या एका पोराच्या नावावर खपवला जातोय. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी प्रसंग सांगतो.

23 सप्टेंबर 1908, न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. नॅशनल लीगमध्ये हे दोन संघ आणि पिट्सबर्ग पायरेट्स असे तिघे एकमेकांच्या मानगुटीवर बसलेले. शेवटची, नववी इनिंग. धावा 1-1, जायंट्सचे दोन गडी बाद. मूस मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर, फ्रेड मर्कल पहिल्या. अल ब्रिडवेलने चेंडू सेंटरफिल्डकडे काढला, मॅकॉर्मिक घरी आला, म्हणजे जिंकणारी धाव पूर्ण झाली, आणि लोक मैदानात घुसले. तिथे प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडायचे आणि खेळाडूंची खोली होती सेंटरफिल्डच्या पलीकडे. त्यामुळे सामना संपला की खेळाडू गर्दीच्या आधी तिकडे धूम ठोकत. मर्कलनेही तेच केलं. दुसऱ्या बेसला पाय लावायच्या आधीच तो वळला.

कब्जचा जॉनी एव्हर्स ओरडून चेंडू मागत होता. गोंधळात त्याने एक चेंडू मिळवला (तो तोच होता का, यावर आजही वाद आहे) आणि मर्कल पोचायच्या आधी दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. अंपायर हँक ओडे यांनी मर्कलला बाद दिलं. धाव रद्द. गर्दी आणि अंधारामुळे पुढे खेळणं शक्य नव्हतं, सामना बरोबरीत. ठरलेले सामने संपले तेव्हा जायंट्स आणि कब्ज दोघेही 98 जिंकून 55 हरलेले. 8 ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवला, कब्ज 4-2 ने जिंकले आणि लीगही त्यांचीच झाली. मर्कलच्या कपाळी ‘बोनहेड’, म्हणजे ठोंब्या, हे नाव कायमचं लागलं.

आता माझं म्हणणं. 29 सप्टेंबर ते 3 ऑक्टोबर या पाच दिवसांत फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की नावाच्या नवख्या पिचरने (म्हणजे गोलंदाजाने) जायंट्सना तीनदा हरवलं. त्यातले दोन सामने जिंकले असते तर तो वादग्रस्त सामना पुन्हा खेळायची गरजच उरली नसती. 8 ऑक्टोबरला चेंडू कोणाच्या हातात होता? क्रिस्टी मॅथ्यूसनच्या, ज्याने त्या एका हंगामात 37 सामने जिंकले होते. तिसऱ्या इनिंगमध्ये जो टिंकरचा फटका साय सीमोरच्या डोक्यावरून गेला आणि कब्जने चार धावा काढल्या. सीमोरला कोणी ठोंब्या म्हटलं? मर्कल तर 23 तारखेला खेळायचाही नव्हता. फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षणाला नेहमी असणारा फ्रेड टेनी कंबर धरल्यामुळे बसला, म्हणून याला उभं केलं.

साबुदाणा

लेख मनापासून आवडला, पण मत अजिबात पटलं नाही. पोरगा एकोणीसचा असो की एकोणचाळीसचा, त्याला पगार बेस गाठण्याचाच मिळत होता.

क्रिकेटच्या भाषेत सांगते. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवीय. फटका मारला, आणि एक फलंदाज अर्ध्या वाटेतून पॅव्हेलियनकडे वळला. समोरच्याने बेल्स उडवल्या. धाव धरणार का तुम्ही? बेसबॉलचा नियमही तेच सांगत होता: तिसरा गडी फोर्सने (मागचा धावतोय म्हणून ज्याला पुढचा बेस गाठावाच लागतो, तो गाठायच्या आधी) बाद झाला तर त्या खेळीतली धाव धरायची नाही.

आणि हे आभाळातून पडलं नव्हतं. 4 सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये कब्जविरुद्ध तिथल्या वॉरन गिलने हुबेहूब हीच चूक केली होती. एव्हर्सने तेव्हाही बाद मागितलं होतं, अंपायर तेव्हाही ओडेच होते. कब्जची तक्रार लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्यापर्यंत गेली होती. एकोणीस दिवसांनी त्याच कब्जशी खेळताना दुसऱ्या बेसला पाय लावायचं भान नको? एव्हर्स घरी बसून नियम वाचायचा आणि त्याला त्याचं फळ मिळालं. त्याचं श्रेय कापून मर्कलची कीव करू नका.

चाफा

साबुदाणाताई, पिट्सबर्गचं अर्धंच सांगितलंत. त्या दिवशी ओडेंनी धाव दिली होती, आणि तक्रार फेटाळली गेली होती. मग खेळाडूंपर्यंत काय पोचलं? हेच, की जुनी वहिवाट चालू आहे. तेव्हा शेवटची धाव झाली की पहिल्या बेसवरचा खेळाडू दुसऱ्याला न शिवता परतायचा, सगळेच परतायचे. वहिवाट मोडायचीच होती तर लीगने सगळ्या संघांना आधी लेखी कळवायला हवं होतं. हंगाम टोकाला आलेला असताना, कानात बोललेलं ऐकू येत नाही अशा गर्दीत, एका बदली खेळाडूवर नवा पायंडा पाडला.

शिवाय जायंट्सचे जॉन मॅग्रॉ कशासाठी होते? मॅनेजर तुम्ही, गिलचं प्रकरण तुमच्या कानावर आलेलं असणार, मग पोरांना बजावलं का नाही? माझ्या मते हंगाम घालवल्याचा पहिला डाग मॅग्रॉंवर आहे.

आणि ज्या पुलियमनी ओडेंचा निर्णय कायम ठेवला, ते पुढच्याच वर्षी, जुलै 1909 मध्ये, स्वतःवर गोळी झाडून गेले. या एका वादामुळेच गेले असं मी म्हणणार नाही. पण त्या हंगामाबद्दल लिहिताना मला त्यांची आठवण येतेच.

साबुदाणा

मॅग्रॉंवर डाग, मान्य. पण म्हणून मर्कल सुटत नाही. पिट्सबर्गला ओडे एकटेच अंपायर होते. घरी येणारा बघायचा की दुसरा बेस बघायचा? चूक लक्षात आल्यावर पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवणं याला पायंडा नाही म्हणत, काम चोख करणं म्हणतात. पोलो ग्राउंड्सवर बेसचे अंपायर बॉब एम्स्ली चेंडू चुकवताना खाली पडले, त्यांनी बघितलंच नाही म्हणाले. ओडेंनी बघितलं आणि यजमानांच्या गर्दीत उभं राहून निर्णय दिला. त्या धैर्याबद्दल इथे एक ओळ नाही.

गॅलरीतला

मला विनू मांकड आठवले. 1947 च्या दौऱ्यात सिडनीला त्यांनी बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला आधी ताकीद दिली आणि मग धावबाद केलं. डिसेंबरच्या कसोटीत परत तेच. ब्रॅडमननी मांकडांचीच बाजू घेतली, तरी अशा बाद होण्याला नाव पडलं ते मांकडांचं. तिथे नियम पाळणाऱ्याच्या माथी मारलं, न्यू यॉर्कमध्ये नियम चुकणाऱ्याच्या. लोकांना एक नाव हवं असतं, बस्स. पण मी कौल साबुदाणा यांना देईन. 4 सप्टेंबर ही ताकीदच होती.

तिसरा_पंच

मी बावीस वर्षं टेनिस बॉलच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतोय, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका गावची फायनल. शेवटचा चेंडू, जिंकायला एक धाव. पोराने कव्हरकडे ढकलला आणि माझ्या टोकाकडे पळत आला. ताशा वाजायला लागला, लोक दोरी ओलांडून आत. पोरगा क्रीजच्या वीतभर अलीकडे थांबला आणि त्याने बॅट वर केली. गोलंदाजाने थ्रो घेऊन स्टंप पाडला. मी बोट वर केलं.

तासभर मला मंडपात बसवून ठेवलं होतं. सुपर ओव्हर झाली, पोराचा संघ हरला. निघताना बघितलं, तो उसाच्या बांधावर बॅट मांडीवर घेऊन ग्रिप सोलत बसला होता. अर्धी ग्रिप सोलून झाली होती. त्याच्याशी बोलायला कोणी गेलं नव्हतं, आणि मीही गेलो नाही.

माझा निर्णय बरोबर होता. उद्या पुन्हा तोच देईन. ओडेंचाही बरोबर होता. पण पोराच्या संघाने अठरा वाइड टाकले होते आणि गावात नाव घेतात ते त्या पोराचं.

उत्तरवारा

पंचसाहेब, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. ओडेंबद्दल साबुदाणा यांचं म्हणणं मी मान्य करतो, वरच्या लेखात ते राहिलं. निर्णय बरोबर. खापर चुकीचं.

मॅग्रॉंनी मर्कलला काढलं नाही. 1911, 12 आणि 13 असे सलग तीन हंगाम जायंट्स लीग जिंकले, तेव्हा फर्स्ट बेसवर तोच होता. 1912 च्या वर्ल्ड सीरीजच्या (दोन लीगच्या विजेत्यांमधल्या मालिकेच्या) शेवटच्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सना आघाडी देणारी धाव त्याच्याच फटक्यावर आली. तो सामनाही पुढे हातचा गेला. 1917 ते 1920 तर तो कब्जकडूनच खेळला. इतकं खेळूनही 1956 मध्ये वारला तेव्हा लोकांना आठवला तो एक न शिवलेला बेस.

साबुदाणा

पंचकाका, तो मुलगा अजून खेळतो का?

तिसरा_पंच

खेळतो. ओपनिंगला येतो आता. धाव घेऊन माझ्या टोकाला आला की क्रीजच्या आत चांगली दोन पावलं येतो, वळून माझ्याकडे बघतो, आणि मी मान हलवेपर्यंत जागचा हलत नाही.