'एक्स्तासिस' म्हणजे नुसतं आश्चर्य नव्हे

बायबलच्या नव्या करारातल्या 'एक्स्तासिस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'आश्चर्य' असा दिला जातो. चूक नाही, पण मला तो फार तोकडा वाटतो. 'एक्' म्हणजे बाहेर आणि 'स्तासिस' म्हणजे उभं असणं. आपल्या 'स्थिती'तला 'स्था' आणि हा 'स्ता' मुळात एकाच धातूचे. म्हणजे माणूस आपल्या जागेवरून सुटतो, त्याचं भान हरपतं.

मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेत, ५:४२ बघा. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून रडारड चाललेली, आणि ती उठून चालू लागते. तिथे मार्क याच धातूचं क्रियापद आणि नाम एकापाठोपाठ घालतो, वर 'मोठ्या' असं विशेषणही जोडतो. सगळे भान विसरलेले असताना येशू मात्र सांगतो, हिला काही खायला द्या! मला हा प्रसंग फार आवडतो.

हेच क्रियापद मार्क ३:२१ मध्ये येशूबद्दल येतं. तिथे अर्थ होतो, 'त्याला वेड लागलंय'. यापो या गावी घराच्या धाब्यावर येशूचा शिष्य पेत्र याला दर्शन होतं (प्रेषितांची कृत्ये १०:१०), तिथली तंद्रीही 'एक्स्तासिस'च. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, उत्पत्ती २:२१ मध्ये, आदामाच्या गाढ झोपेलाही हाच शब्द आहे.

म्हणून मार्क १६:८ मध्ये येशूच्या रिकाम्या कबरीपासून पळणाऱ्या बायकांना 'आश्चर्य वाटलं' एवढंच म्हणणं मला पटत नाही. तिथे शब्द आहेत 'त्रोमोस' आणि 'एक्स्तासिस'. अंगाला कापरं भरलं होतं, त्या भानावर नव्हत्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत. सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान इथेच थांबतं.