मदत हवी आहे: दोन इंची रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस निवडताना डब्यावरच्या वेगावर कितपत विसंबावे?

नमस्कार. स्वसंरक्षणासाठी माझ्याकडे .38 स्पेशलचे दोन इंची नळीचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर आहे. त्यासाठी काडतूस निवडताना मी एका जागी अडलो आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डब्यावर छापलेला वेग कोणत्या नळीतून मोजला आहे हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, एवढे लक्षात आले आहे. .38 स्पेशल आणि .357 मॅग्नमसाठी हे आकडे बहुधा चार इंची नळीतले असतात. जुन्या तक्त्यांमध्ये तर सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट नसलेल्या लांब चाचणी-नळीतले आकडेही आढळतात आणि ते साहजिकच फुगलेले असतात. शिवाय पिस्तुलाच्या नळीची लांबी मोजताना काडतूस बसते तो भागही धरतात, रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र सिलिंडर वगळतात. त्यामुळे लांबी सारखी दिसली तरी दोन्हींची थेट तुलना करता येत नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. नळी आखूड झाली की वेग घटतो, आणि वेग घटला की गोळी कमी खोल जाईल, असे सहज वाटते. पण आखूड नळीतून झाडलेली हॉलो पॉइंट (टोकाशी पोकळी असलेली) गोळी शरीराच्या मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या चाचणीच्या जेलमध्ये उलट अधिक खोल गेल्याचे वारंवार वाचनात येते. मग वेगातली घट गोळी कमी आत जाण्याच्या रूपाने दिसते की जास्त आत जाण्याच्या? आणि ही घट भरून काढण्यासाठी याच आकाराचे, अधिक शक्तिशाली काडतुसाचे .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेणे शहाणपणाचे ठरेल का?

प्रतिसाद

आपण वाचलेले खरे आहे. हॉलो पॉइंट गोळीचे तोंड उमलण्यासाठी ठरावीक किमान वेग लागतो. तो मिळाला तर गोळीचा व्यास वाढतो, रोध वाढतो आणि ती लवकर थांबते. तो मिळाला नाही, किंवा जाड कपड्याचे तंतू तोंडातल्या पोकळीत ठासून बसले, तर ती साध्या गोळीसारखी सरळ आत जात राहते आणि पलीकडून बाहेर पडण्याचा धोका वाढतो. एफबीआयच्या निकषात 10 टक्के जिलेटिनच्या जेलमध्ये 12 ते 18 इंच खोली अपेक्षित आहे आणि जाड कपड्याच्या थरांतून झाडण्याची स्वतंत्र चाचणीही आहे. म्हणून नुसता वेग पाहू नका. दोन इंची नळीतून, कपड्यातून झाडल्यावर ती विशिष्ट गोळी उमलली का आणि किती खोल गेली, ते पाहा.

चार इंची नळीचा वेग गृहीत धरून बनवलेली गोळी दोन इंची नळीत टाकून ती उमलेल अशी आशा करण्यापेक्षा, कमी वेगात उमलण्यासाठीच घडवलेली गोळी घ्यावी. स्पीअर कंपनीची 135 ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची +पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची, गोल्ड डॉट अशीच आहे. कंपनी तिचा वेग आखूड नळीतूनच, सुमारे 860 फूट प्रति सेकंद, असा देते. आपले रिव्हॉल्व्हर +पी काडतुसांसाठी मान्य आहे का, हे मात्र आधी उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून घ्या. दुसरा मार्ग 148 ग्रेनच्या वॉडकटर गोळीचा. तिचे तोंड सपाट असते, उमलण्यावर तिचे काहीच अवलंबून नसते आणि धक्काही सौम्य बसतो. ती काडतुसाच्या तोंडाशी सपाट बसत असल्याने घाईत सिलिंडर भरताना त्रास होतो, एवढाच तिचा दोष.

मॅग्नमबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. 125 ग्रेनची गोळी चार इंची नळीतून सुमारे 1450 फूट प्रति सेकंद वेगाने निघते. दोन इंची नळीत हा वेग 1200 च्या आसपास आला, तर वेग सुमारे 17 टक्के घटला तरी ऊर्जा वेगाच्या वर्गाशी निगडित असल्याने 584 वरून 400 फूट-पौंडांवर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने घसरते. तरीही ती .38 पेक्षा जास्तच राहते, हे मान्य. पण हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का, आवाज आणि अंधारात डोळे दिपवणारा जाळ सोसून दुसरी गोळी नेमकी बसवणे बहुतेकांना जमत नाही.

कोणतेही काडतूस निवडले तरी चाचणी मैदानावर दोन गोष्टी तपासाच. पहिली, गोळी नेमकी कुठे लागते ती: नेम धरायची खूण (साइट) पक्की बसवलेली, न हलवता येणारी असेल अशा रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी, वेगवान गोळी बहुधा खाली लागते आणि जड गोळी वर, कारण जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात नळी उचलली जाते. दुसरी, सिलिंडरमधले एक काडतूस राखून बाकीची झाडा, रिव्हॉल्व्हर सुरक्षितपणे रिकामे करा आणि राखलेल्या काडतुसाची लांबी न झाडलेल्या दुसऱ्याशी ताडून पाहा. धक्क्याने गोळी पुढे सरकली असेल तर ती सिलिंडरबाहेर डोकावून त्याचे फिरणे अडवू शकते. तसे दिसल्यास ते काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद समजा.