बॅकअप आहे, पण त्यातून सिस्टिम परत उभी राहते का?

काही जण विचारतात की सर्व्हरवरच्या डेटाचा रोज रात्री बॅकअप (जादा कॉपी) होतोय, तर सिस्टिम कोसळल्यावर काय करायचं याचा वेगळा प्लॅन कशाला. अहो, बॅकअप होणं वेगळं आणि त्यातून सिस्टिम परत उभी राहणं वेगळं! २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत चालू डेटाबेसच चुकून डिलीट झाला, मग कळलं की बॅकअपच्या ५ पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती, फेल झाल्याचे मेलसुद्धा कुणाला पोचत नव्हते, ६ तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेली कॉपी होती म्हणून वाचले. त्यामुळे दर तिमाहीला रिकाम्या मशिनवर बॅकअप रिस्टोर करून (म्हणजे त्यातून सगळं परत उभं करून) बघाच, किती तास लागतात ते मोजा. आणि हो, प्लॅन आणि फोन नंबरांची यादी त्याच सर्व्हरवर ठेवू नका, छापील प्रत घरीही असू द्या.