अनुभव धागा : सॉल्ट लेक काउंटीतलं (युटा, अमेरिका) वर्षभराचं हवामान

'सॉल्ट लेकला नोकरी मिळतेय, हवा कशी आहे?' हा प्रश्न आपल्या मंडळींकडून सारखा येतो आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळतं. एक म्हणतो कोरडी, स्वच्छ, मस्त. दुसरी म्हणते जानेवारीत श्वास कोंडतो. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त राहतात वेगवेगळ्या उंचीवर.

पूर्वेला वासॅचचे डोंगर, पश्चिमेला ओकरचे, वायव्येला खारं सरोवर आणि मधे हे खोरं. तळ सुमारे १३०० मीटरवर, कडेची शिखरं ३४०० मीटरच्या वर. तळाला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाचं पाणी जेमतेम ४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावच्या आसपास. पण वेळापत्रक उलटं. सगळ्यांत ओला महिना एप्रिल, सगळ्यांत कोरडा जुलै. डोंगराच्या अंगाला टप्पे आहेत, हिमयुगातल्या बॉनव्हिल सरोवराच्या किनाऱ्यांनी सोडलेले. त्यांना सगळे 'बेंच' म्हणतात. तर अनुभव लिहिताना आधी सांगा, घर तळाला की बेंचवर. नुसतं 'थंडी फार असते' असं लिहून कुणाचंच भलं होत नाही.

वेस्ट व्हॅली सिटी, तळाला

मी इन्व्हर्जनबद्दल, म्हणजे खोऱ्यात गार हवा कोंडून राहते त्याबद्दल लिहिते, कारण घर दाखवताना त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

बर्फ पडून गेला, आकाश निरभ्र झालं, वारा पडला की ओळखायचं. बर्फावरची गार हवा खोऱ्यात बसून राहते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण येतं, आणि डोंगरांमुळे तिला बाहेर पडायला वाटच उरत नाही. गाड्यांचा, हीटरचा, कारखान्यांचा धूर त्याच हवेत साठत जातो. आधी डोंगर धूसर दिसतात, मग दिसेनासे होतात. पुढचं वादळ येईपर्यंत सुटका नाही, आणि ते कधी आठवडाभर येत नाही, कधी दोन आठवडे.

धाकट्याला दमा आहे. हिवाळ्यात उठल्यावर मी आधी हवेचा निर्देशांक बघते, मग चहाचं आधण ठेवते. निर्देशांकाने हवा वाईट म्हणून 'लाल' दाखवलेला दिवस असला की शाळा मुलांना मधल्या सुट्टीत आतच ठेवते, शेकोटीत लाकूड जाळायलाही बंदी असते. सुट्टीच्या दिवशी आम्ही सरळ बिग कॉटनवूड कॅन्यनने (डोंगरातल्या घळीतल्या रस्त्याने) वर जातो. खाली गाडीतला तापमानाचा आकडा शून्याच्या बराच खाली असतो. वळणं चढत गेलं की तो चढू लागतो, आणि एका वळणानंतर एकदम लख्ख ऊन. वर उबदार आणि खाली गार, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. मागे वळून पाहिलं की अख्खं खोरं तपकिरी थराखाली गेलेलं दिसतं. त्यातच आपण राहतो, त्यातच आपली मुलं श्वास घेतात, हे पाहून दर वेळी पोटात कालवतं. घरात दमेकरी असेल तर बेंचवर घर बघा. फार दिवस टिकलेल्या इन्व्हर्जनमध्ये बेंचही बुडतात, पण तळापेक्षा कमी वेळा.

सँडी, लिटल कॉटनवूडच्या तोंडाशी

तळाला वर्षभरात सव्वा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. माझ्या घरापासून कॅन्यनने वर गेलं की अल्टा हे स्कीइंगचं ठिकाण, तिथे तेरा मीटरच्या घरात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे ९०३ इंच बर्फ नोंदला गेला, म्हणजे जवळजवळ तेवीस मीटर. त्या वर्षी कॅन्यनचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने पुन्हा पुन्हा बंद होत होता. वर अडकलेल्यांना इमारतीबाहेर पाऊल टाकायची परवानगी नसते, त्याला 'इंटरलॉज' म्हणतात. स्कीइंगला जाणाऱ्यांनी औषधं आणि एक जादा दिवसाची तयारी ठेवावी, एवढं कळकळीने सांगतो.

इथला बर्फ बहुधा कोरडा असतो, फावड्यावर घेतला तर वजन लागत नाही, फुंकर मारली तर उडतो. मार्च-एप्रिलचा मात्र ओला, जड. पाठ जाते ती तेव्हा.

आणि हा बर्फ म्हणजेच इथलं धरण. मे-जूनमध्ये तो वितळतो, ओढे फुगतात, त्यावर शहर पुढचं वर्ष काढतं. एकदम वितळला तर पंचाईत. १९८३ मध्ये वाळूची पोती रचून डाउनटाउनच्या स्टेट स्ट्रीटवरून नदी वाहवली होती, जुने शेजारी अजून सांगतात. एप्रिल २०२३ मध्ये एमिग्रेशन क्रीक हा ओढा काठ सोडून वाहिला तेव्हा पोती भरायला आम्हीही गेलो होतो.

मरे

सासूबाई-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे मरे शहरात जून-जुलैत आले होते, तेव्हाचं सांगते. पारा ३८-३९ च्या पुढे, पण घामाचा पत्ता नाही. पहिल्या आठवड्यात सासऱ्यांच्या नाकातून रक्त आलं, सगळे घाबरलो. कारण एवढंच की हवा फार कोरडी. नाकात तूप, उशाशी पाणी, ओठांना व्हॅसलीन, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी पिणं. वडीलधारी येणार असतील तर हे पहिल्या दिवसापासून करा.

सासूबाईंना मात्र ही हवा फारच मानवली. त्यांनी मागच्या अंगणात वाळवण घातलं. सकाळी घातलेले पोह्याचे पापड दुपारी जेवून उठेपर्यंत कडेने वर वळून कडकडीत झाले होते, उलटायलाच गेल्या तर हातात मोडले. मग त्या अर्ध्या ओल्या असतानाच उलटायला लागल्या. आमच्याकडे एसी नाही, छतावर बाष्पाचा कूलर आहे, आणि कोरड्या हवेत तो छान चालतो. जुलैच्या शेवटी दक्षिणेकडून मान्सूनची ओल आली की त्याचा जोर कमी होतो. त्या दिवसांत दुपारी ढग जमतात, पावसाच्या सरी आकाशातून लोंबताना दिसतात आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच सुकून जातात. सासरे रोज गच्चीतून त्यांच्याकडे बघत बसायचे. रात्री कॅन्यनकडून वारा सुटला की पांघरूण लागतं.

ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर येतो, ते दिवस खिडक्या बंद.

ॲव्हेन्यूज, बेंचवर

वाऱ्याचं कुणी लिहिलं नाही. पूर्वेचा वारा डोंगर ओलांडून खाली कोसळतो. सप्टेंबर २०२० मध्ये आला तेव्हा गल्लीतली जुनी झाडं मुळासकट आडवी झाली आणि कित्येक दिवस वीज नव्हती. घराजवळ मोठं झाड असेल तर त्याची छाटणी वेळेवर करून घ्या.

मिडव्हेल

बागेपुरतं : टोमॅटो मदर्स डेच्या आधी, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारच्या आधी, उघड्यावर लावू नका. त्यानंतरही तळाला एखाद्या रात्री दहिवर गोठतं, कारण गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन साचते. फळबागा पूर्वी बेंचवर होत्या त्या याचसाठी. माती अल्कधर्मी, पानं पिवळी पडतात, लोह द्यावं लागतं. मेथी एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटी पेरा, मधल्या उन्हात नुसती फुलावर जाते. कढीपत्ता कुंडीतच.

मॅग्ना, सरोवराच्या बाजूला

मी इथे ऐंशीच्या दशकात आले. तेव्हा सरोवर इतकं चढलं होतं की हायवे आणि रेल्वे वाचवायला राज्याने मोठे पंप बसवून १९८७ मध्ये पाणी पश्चिमेच्या वाळवंटात सोडायला सुरुवात केली. त्याच सरोवराने नोव्हेंबर २०२२ मध्ये आजवरचा नीचांक गाठला. दुष्काळ आहेच, पण मुख्य म्हणजे नद्यांचं पाणी वरच शेतीला, कारखान्यांना आणि आपल्या हिरवळींना जातं. उघड्या पडलेल्या तळात आर्सेनिक आहे, वारा आला की ती धूळ शहरावर येते. खारं असल्यामुळे सरोवर गोठत नाही, म्हणून थंड वारा त्यावरून आला की ओल घेऊन पुढे बर्फ टाकतो. सरोवर आटलं तर तोही आधार घटेल. आम्ही दारातली हिरवळ काढून तिथे कमी पाण्याची झुडपं लावली. तुम्हीही लावा, असं हात जोडून सांगते.

साउथ जॉर्डन

सर्वांचे आभार. आम्ही इथेच घर बघतोय. आई वास्तूप्रमाणे उत्तराभिमुखच घ्या म्हणतेय. हवामानाच्या दृष्टीने काही अडचण?

सँडी, लिटल कॉटनवूडच्या तोंडाशी

आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या ड्राइव्हवेवर हिवाळ्यात ऊन पडत नाही. समोरच्या दक्षिणाभिमुख घराचा बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलेला असतो, तुमच्याकडे त्याची काच होऊन आठवडे टिकते. आईंना पूर्वाभिमुख चालत असेल तर ते बघा, सकाळचं ऊन तरी मिळतं. उत्तरच हवी असेल तर पडल्या पडल्या खरवडायचं, मीठ घरात ठेवायचं, आणि आई-वडील आले की त्यांना त्या बाजूने एकटं बाहेर जाऊ द्यायचं नाही.